कनातीबाहेरचा सिनेमा

खुर्च्या एकेचाळीस होत्या आणि माणसं अठ्ठावन्न. उदाराम शहारेने दोनदा मोजली. अठ्ठावन्नांपैकी कान दाखवायला आलेले एकतीस, बाकीचे त्यांना धरून आणणारे. पंखे चार, त्यांतले फिरणारे तीन. आतल्या खोलीला दार एकच, आणि त्या दारातून दर अकरा-बारा मिनिटांनी एक माणूस बाहेर येत होता. सकाळपासून बारा बाहेर आले. सातांच्या कानामागे ऐकायचं मशीन होतं. पाच जण रिकाम्या कानाने गेले.

"बाबा, कायले मोजून राहिले?" अल्काने त्याच्यासमोर वाकून विचारलं. समोर आल्याशिवाय लेकीचं बोलणं त्याला कळत नसे. पुरुषाचा जाड आवाज जवळून अजून पोचायचा. बायकांचे आवाज मात्र गेल्या पाच-सहा वर्षांत पार गेले होते. त्यांचं बोलणं तो ओठांवरून वाचायचा.

"पाच वापस गेले," तो म्हणाला.

"तुम्ही नाही जात वापस."

"तुले कोणं सांगतलं?"

अर्जुनी मोरगावला असं फुकट मशीनचं शिबिर दरवर्षी लागे, आणि दरवर्षी अल्का त्याच्या मागे लागे. "आता कोणाचं आयकाचं हाये मले," असं म्हणून तो टाळत आला होता. या वर्षी त्याने स्वतःच तारीख विचारली होती.

उदाराम पंपाचा मिस्त्री. धानाच्या बांध्यांवरची डिझेल इंजिनं त्याने चाळीस वर्षं दुरुस्त केली. त्याआधी, विशीत, तो फिरत्या टॉकीजचा इंजिनवाला होता. दिवाळीनंतर गावोगावच्या मंडया, म्हणजे जत्रा, सुरू झाल्या की तंबू निघायचा तो मृगाच्या तोंडावर परत यायचा. तंबूपासून साठ पावलांवर इंजिन, आणि इंजिनाशेजारी उदाराम. इंजिनाचा वेग जरा पडला की पडद्यावरचं चित्र अंधारायचं आणि लोक दगड भिरकवायचे. म्हणून खेळ चालू असताना इंजिनवाल्याने जागा सोडायची नाही, असा मालकाचा नियम होता. गावातली माणसं ओढून आणायला एक भोंगा बांबूवर बाहेर तोंड करून बांधलेला असायचा. इंजिनाच्या घरघरीवरून त्यातले शब्द उदारामपर्यंत यायचे. कनातीवर उजेड हलताना दिसायचा, तेवढाच.

मालकाच्या स्वतःच्या मालकीची एकच फिल्म होती, काळीपांढरी. भाड्याच्या फिल्मांच्या पेट्या वेळेवर आल्या नाहीत की तीच लागायची. अकरा हंगामांत उदारामने ती एकशे सत्तावीस वेळा ऐकली. पाहिली एकदाही नाही.

पहिल्या हंगामानंतर तो गावी आला तेव्हा त्याच्या दोस्ताने, जागेश्वरने, विचारलं होतं, "पाह्यला का बे सिनेमा?" उदाराम हो म्हणाला. एकदा हो म्हटल्यावर सांगावं लागलं, आणि सांगायचं म्हणजे चित्रं लागतात. नायिका उंच केली, तिला पांढरं लुगडं नेसवलं, दोघांची भेट पुलावर घडवली. शब्द मात्र एकही बदलला नाही. पारावर, लग्नाच्या मांडवात, रोवणीच्या बांधीत त्याने तो सिनेमा इतक्या वेळा सांगितला की गावातल्या अर्ध्या लोकांना तो पाहिल्यासारखा वाटत होता.

त्यात शेवटाकडे नवरा बारा वर्षांनी तुरुंगातून सुटून घरी येतो. बायको रडत नाही, काही विचारत नाही. एवढंच म्हणते, "पानी गरम है. नहा लो." लग्नानंतर उदारामने हे गुलाबला, आपल्या बायकोला, सांगितलं तेव्हा ती खूप हसली. मग पुढे पंपाची कामं उरकून तेलाने माखलेला उदाराम अंगणात आला की ती चुलीजवळून तसंच म्हणायची, शेवटचा शब्द हळूच खाली सोडत. तिला येणारं हिंदी एवढंच.

गुलाबला जाऊन नऊ वर्षं झाली होती. तिचे फोटो तीन होते. आवाज कशातच नव्हता. ती गेली तेव्हा तो मनात होता, मग मनातूनही हळूहळू उतरला. आता उदारामला तिचे शब्द आठवायचे, आवाज नाही. नायिकेचा शेवटचा शब्द जसा खाली यायचा तसाच गुलाबचाही यायचा. एक सापडला तर दुसरा सापडेल, असं त्याला वाटत होतं. पण ती फिल्म टीव्हीवर कधी लागली नाही.

यंदा होळीनंतरच्या एका रविवारी दुपारी अल्काच्या नवऱ्याने, रत्नपालने, ती मोबाइलवर शोधून काढली आणि टीव्हीला जोडली. जागेश्वर काठी टेकत आला. आणखी सात-आठ जण आले. उदारामला सगळ्यांत पुढे, खुर्चीवर बसवलं.

"पूल कुठं गेला बे?" अर्ध्या तासाने जागेश्वर त्याच्या कानाशी ओरडला. "तू तं पुलावर भेटतेत म्हणत होता."

"येईन पुढे."

"आरं, हे तं नावेत बसून गेले बी."

थोड्या वेळाने पुन्हा, "अन् बाई तं ठेंगणी हाये. तू तं ताडाएवढी सांगतली होती. कोणती बाई पाहून आला होता रे?"

लोक हसले. उदाराम पाहत होता. घर मातीचं असेल असं त्याने ठरवलं होतं, ते माडीचं निघालं. नवऱ्याला मिशी होती. पुरुष बोलले की टीव्हीतून काहीतरी जाड यायचं. नायिकेने तोंड उघडलं की टीव्ही बंद पडल्यासारखा व्हायचा. तिचे ओठ पाहून तो मनात तिचे शब्द भरत गेला. पण ओठ त्याच्या आठवणीपेक्षा हळू चालत होते, आणि तो प्रत्येक वेळी तिच्या आधीच वाक्य संपवत होता.

"उदाराम," जागेश्वर या वेळी हसला नाही, "तू पाह्यलाच नाही ना बे?"

"नाही."

"पन्नास वरसं फेकून राहिला होता आमाले?"

"आयकला होता." मग पडद्याकडे बघत त्याने सासऱ्याचं पुढचं बोलणं म्हणून दाखवलं, त्यापुढचं दिराचं, त्यापुढचं वकिलाचं. जागेश्वर टीव्ही ऐकत होता आणि उदारामकडे पाहत होता.

"शब्दाले शब्द हाये," तो अल्काला म्हणाला. "काहीच चुकला नाही म्हातारा."

शेवट आला. नवऱ्याने फाटक उघडलं. नायिका आत होती, कॅमेऱ्याकडे पाठ करून, चुलीत लाकूड सारत. उदाराम खुर्चीच्या कडेला सरकला. तिची पाठ दिसत होती, अंबाडा दिसत होता. ओठ दिसत नव्हते. नवरा उंबऱ्यात थांबला. मग त्याने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली.

"बोलली का ते?" उदारामने विचारलं.

"बोलली ना," अल्का समोर येऊन म्हणाली. "आत्ताच."

रत्नपालने मागे नेऊन पुन्हा लावलं. तीनदा लावलं. तिन्ही वेळा उदारामला पाठ दिसली आणि खाली ठेवलेली पिशवी दिसली. लोक गेल्यावर त्याने अल्काला शिबिर कधी असतं ते विचारलं.

शिबिरात त्याचा नंबर लागला. आतल्या खोलीत कान तपासायला रीना नावाची मुलगी होती, गोंदियाहून आलेली. तिने आधी कानात बघितलं, मग कानांवर जाड कुशन बसवून कितीतरी बारीक आवाज सोडले आणि त्याने बोट वर केलं तेवढ्यांच्या खुणा केल्या.

"दादाजी, कान कायने खराब झाले?"

त्याने ओठ वाचले. "इंजन."

"रोज किती घंटे?"

"दोन खेल. अकरा हंगाम. मंग चाळीस वरसं पंप."

रीनाने लिहून घेतलं आणि अल्काकडे वळली, पण तोंड म्हाताऱ्याला दिसेल असं ठेवून. "दीदी, मशीन आवाज मोठा करते. त्या आवाजाचा शब्द बनवायचं काम आतली नस करते. नस किती उरली ते बघायला मी पंचवीस शब्द बोलणार. दादाजी, मुँह ढाँक के बोलूंगी, हां? जो सुना वही बोलना. दहा आले तं मशीन देते. त्याच्या खाली मशीन लावून काही फायदा नाही होत."

"अन् अंदाज केला तं?" उदारामने विचारलं.

"अंदाज नाही करायचा, दादाजी."

तिने तोंडासमोर पुठ्ठा धरला. आधी मशीनशिवाय पंचवीस, मग कानामागे मशीन लावून दुसरे पंचवीस. दुसऱ्या वेळी उदाराम पुढे वाकून बसला होता. काही शब्दांना तो लगेच बोलला, काहींना थांबला, बऱ्याच वेळा नुसती मान हलवली. रीना प्रत्येक शब्दापुढे खूण करत गेली. संपल्यावर तिने बेरीज करायला पेन टेकवलं.

"मॅडम," अल्का म्हणाली, "मशीन काढू नका. एक मिनिट."

"बाहेर लाइन आहे, दीदी."

"एकच मिनिट."

तिने मोबाइल काढला, सिनेमा त्या ठिकाणी नेला, आवाज पूर्ण वर केला आणि मोबाइल त्याच्या कानाशी धरला. उदारामने डोळे मिटले. दाराबाहेरच्या दोघातिघांनी आत वाकून पाहिलं. वाक्य आलं आणि गेलं. अल्काने मागे नेऊन पुन्हा लावलं.

"येऊन राहिला आवाज," उदाराम डोळे न उघडता म्हणाला.

अल्काने रीनाकडे पाहिलं. पुन्हा लावलं.

"घरघर येऊन राहिली. आपल्या इंजनासारखी." त्याने कान मोबाइलला आणखी टेकवला. "बाई कुठं हाये त्याच्यात?"

अल्काने आणखी एकदा लावलं. तो ऐकत होता. मग त्याने हात वर करून मोबाइल बाजूला केला. रीनाने त्याच्या कानामागचं मशीन काढलं, कापसाने पुसलं, डबीत ठेवलं आणि पिवळ्या कागदावर खालची ओळ भरली. मशीनशिवाय, पंचवीसपैकी एक. मशीन लावून, पंचवीसपैकी दोन.