पाचव्या इमारतीची ऊब

बसा मित्रांनो, पण जरा लांब. मी जुना बॉयलर आहे. माझं अंगही तापलेलं असतं आणि डोकंही. अंगणाच्या कोपऱ्यातल्या या खोलीतून मी पाच इमारतींना गरम पाणी पाठवतो. ते पाइपांतून घरोघरच्या रेडिएटरांत, म्हणजे भिंतीलगतच्या लोखंडी तापकांत फिरतं, खोल्या उबदार करतं आणि निवून माझ्याकडे परत येतं. मला बसवलं तेव्हा सगळे कौतुकाने बघायला आले होते. पुढे सवय झाली, कौतुक आटलं.

या हिवाळ्यात मात्र माझा जीव थाऱ्यावर नव्हता. पहिल्या इमारतीतून पाणी परत यायचं ते जवळजवळ तसंच कढत. ओळीत सगळ्यांत शेवटी असलेल्या पाचवीकडे जेमतेम धार पोचायची आणि बर्फासारखी गार होऊन यायची. माझी देखभाल करणारा मिस्त्री आग वाढवायचा, मी धापा टाकायचो, पण पाचवी काही तापेना.

तिथल्या आजी रोज आपल्या तान्ह्या नातीला दुलईत गुंडाळून माझ्यापाशी आणू लागल्या. तिची इवलीशी पावलं गारठलेली असत. पोटात एवढी आग, आणि एका पोरीची पावलं घरच्या घरी तापवता येईनात! मला फार लाज वाटे.

एकदा पहिल्या इमारतीतल्या शिक्षिकाबाई तणतणत आल्या.

"मिस्त्री, आग कमी करा हो! घराची भट्टी झालीय. सगळ्या खिडक्या उघड्या टाकल्यात."

"खिडक्या?" नातीला शेकत बसलेल्या आजी उठल्याच. "अहो बाई, आम्ही कानटोप्या घालून जेवतोय!"

"मग रेडिएटरची चावी पूर्ण उघडा ना. आमच्याकडे सगळ्यांनी उघडून ठेवलीय, न जाणो कमी पडलं तर."

"आमचीही उघडीच आहे. पण तुमच्याकडून उरलं तर आमच्याकडे येणार ना!"

तेवढ्यात बाळ शिंकलं. बाईंनी त्याच्या पावलाला हात लावला आणि तडक निघून गेल्या. चाव्या कमी करा म्हणून मिस्त्रीने पूर्वी सांगून पाहिलं होतं, पण ते पालथ्या घड्यावर पाणी. बाईंनी मात्र आपल्या इमारतीत दारोदार फिरून साऱ्यांच्या चाव्या अर्ध्यावर आणल्या. एकदोघांशी भांडणही झालं म्हणे.

दुसऱ्या दिवशी पाचवीचं पाणी चक्क कोमट परत आलं. पण आजी आल्या नाहीत. त्यानंतरही नाहीत. पोरगी आजारी तर नसेल? मला चैन पडेना. शेवटी अंगणातून जाताना त्यांनीच मिस्त्रीला सांगितलं, "आता कशाला आणू तिला? दुलई लाथाडून झोपते लबाड!"

मित्रांनो, मला तिची आठवण येते, खोटं कशाला बोलू? पण ती इथे येत नाही, हेच माझं खरं कौतुक. तेव्हा उकडलं तर खिडकी उघडण्याआधी चावी फिरवा. तान्ह्या बाळाला माझ्यापाशी शेकायला आणायची वेळ कुणावर येऊ देऊ नका.