वाढत गेलेलं माप

मी अंगठी. सोनाराच्या बायकोची. "सोनाराची बायको आणि बोटात एवढीशी तार?" असं शेजारणी तिला चिडवायच्या. "त्यांना विकायलाही काहीतरी उरायला हवं ना!" ती म्हणायची.

गरोदरपणात, सातव्या महिन्यात, तिची बोटं सुजली. डोकं ठणकायचं, डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. रक्तदाब खूप चढला, आणि सूज इतकी, की दवाखान्यात मी साबण लावूनही निघेना. शेवटी सोनारानेच मला कापून काढलं. मुलगी दिवस भरण्याआधीच जन्मली, पण तगली.

"रक्तदाब उतरलाय, पण सुटलात असं समजू नका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दरवर्षी रक्तदाब आणि लघवी तपासा. मूत्रपिंडांना पुढेही धोका असतो."

"बाळंतपणातलं दुखणं बाळंतपणातच जातं," सासूबाई म्हणाल्या. सगळ्यांना तेच ऐकायचं होतं.

सोनाराने मला पुन्हा जोडलं. मुलगी मोठी होऊन परगावी गेली, आणि मी पुन्हा रुतू लागले.

"अहो, ही घट्ट होतेय."

"आण इकडे. संसार मानवला म्हणायचा!"

हसत हसत त्याने मला कापलं, सोन्याचा तुकडा घालून मोठं केलं. पुढे आणखी एकदा. मग आणखी एकदा. घट्ट अंगठीवर त्याला एवढंच औषध ठाऊक होतं. मला मात्र कळत होतं, हे अंगावर चढलेलं मांस नाही, साचलेलं पाणी आहे. पण अंगठीला वाचा कुठली?

धाप लागू लागली, तेव्हा तपासणी झाली. मूत्रपिंडं जवळजवळ निकामी.

"बाळंतपणात रक्तदाब वाढला होता?" डॉक्टरांनी विचारलं.

"हो. पण ते तेव्हाचं," ती म्हणाली. "दरवर्षी तपासायला सांगितलं होतं," सोनार पुटपुटला.

मग डायलिसिस सुरू झालं. अंगातलं पाणी गेलं, बोटं काटक्यांसारखी झाली. मी गळून पडू लागले.

"लहान करून देतो," तो म्हणाला.

"राहू द्या. किती सोनं घातलंत हो माझ्यापायी!"

ती गेली. मी त्याच्या खणात असते. माझ्या मापाचं बोट आता कुणाचंच नाही.

परवा एक बाई घट्ट अंगठी घेऊन दुकानात आली. त्याने तिच्या सुजलेल्या बोटांकडे पाहिलं. "ताई, बाळंतपणात रक्तदाब वाढला होता का?"

"तुम्हाला काय करायचंय हो? अंगठी मोठी करायची तेवढी करा!"

"करतो. आधी रक्त-लघवी तपासून या."

तिने अंगठी हिसकावली आणि तरातरा समोरच्या दुकानात गेली. तो दारापर्यंत धावला, हाकाही मारल्या.

बायांनो, तो वेडा नाही. त्याचं ऐका.