खोली पसंत आहे

मले कोणतीच खोली लवकर पसंत पडत नाही, हे अख्ख्या कुडवा गावाले माहीत आहे. लग्नाले गेलो तर जानोशाची, म्हणजे वऱ्हाड उतरते तिथली, खोली मी दोनदा तरी बदलवते. माझी सासू म्हणे, "दुर्गेश्वरी नाकावर माशी बसू देत नाही." नाही बसू देत. माशी कायले बसू द्यायची?

तर दसरा झाला अन माझी पोरगी टीना मोबाईल घेऊन बाजूले येऊन बसली. आम्हाले दांडेवेळले जायचं होतं. दांडेवेळ म्हणजे तिकडे कोकणात, समुद्राच्या काठावरचं गाव. तिथं टेकडीवर गोल्फचं मोठं मैदान आहे. मोठमोठे लोक येतात, पांढरी गोळी काठीनं दूर मारतात, अन मग तिलेच हुडकत फिरतात. त्यांच्या पायी गावात घरोघरी पाहुण्यांसाठी खोल्या काढल्या आहेत. टीना एकेक फोटो दाखवून राहिली होती अन मी नाही म्हणून राहिली होती. एका पलंगावर टॉवेलचं बदक करून ठेवलं होतं. त्याच टॉवेलनं अंग पुसायचं का? दुसरीच्या खाली लिहिलं होतं, खिडकीतून गोल्फ दिसते. म्हणजे गवत. गवत पाहायले माणूस गोंदियाहून इतक्या दूर जाईन का?

टीनाचे बाबा, डोमनलाल, सगळ्यांले सांगत होते, "दिवाळीच्या सुट्टीत समुद्र पाहून येतो." खोटं. समुद्र कोणाले पाहायचा होता? आम्ही हिमांशूसाठी चाललो होतो.

हिमांशू माझा मोठा पोरगा, चोवीस वर्षांचा. त्या गोल्फच्या मैदानावर गवत सांभाळायच्या कामाले होता. घरच्या धानाच्या बांधीतलं गवत निंदायची त्याले लाज वाटे, अन तिकडे गवताले पाणी पाजत होता. मी फोनवर चिडवत होती, तो हासत होता. मागच्या वर्षी भादव्यात एका दुपारी तो मैदानाखालच्या खडकावर गेला अन वापस आलाच नाही. चपला सापडल्या. तो सापडला नाही. पोलिसांनी चपला पिशवीत घालून दिल्या, त्या मी आमच्या दारापाशी ठेवल्या.

त्याच्याशी शेवटचं बोलणं झालं ते खोलीवरच. मागच्या दिवाळीत आम्ही तिघं त्याच्याकडे जाणार होतो. मी म्हटलं, "खोली पाहून ठेव. खालचीच पाहिजे, माझे गुडघे दुखतात. पाणी खारट नको. समोर समुद्र नको, मले गरगरते. अन मी पसंत म्हटल्याशिवाय पक्की करू नको."

"नाही करत मम्मी," तो म्हणाला. "तू पसंत म्हणेपर्यंत फिरत राहीन, बस?"

दोन दिवसांनी तो गेला.

गेला असं सगळे म्हणत. मी म्हणत नव्हती. बोदलकशाच्या तलावात म्हशीचं शेपूट धरून पोहणं शिकलेला पोरगा असा बुडते का? मी त्याचा दहावा होऊ दिला नाही, तेरावी होऊ दिली नाही. आमच्या पोवार समाजात माणूस मेला की त्याले घरी आणून बसवतात. स्वयंपाकघरात देवाची मातीची चौरी, लहानसा ओटा, असते. तिच्या बाजूले, चुलीजवळ, घरातले सगळे गेलेले बसून असतात. सणावाराले त्यांचं नाव घेऊन निखाऱ्यावर घास टाकतात. जिवंत माणूस ताटात जेवते, मेलेला निखाऱ्यावर. मी हिमांशूले ताटात वाढत होती. वर्षभर, दोन्ही वेळ. मग ते ताट गाईपुढे जाई.

पितरांच्या अमावस्येले टिकाराम मामाजी आले. हे टीनाच्या बाबाचे मामा, घरातले जुने माणूस. म्हणाले, "बाई, पाण्यात गेलेला आपल्या पायानं घरी येत नाही. तुम्ही काठावर जा. तीनदा नाव घेऊन हाक मारा अन लोट्यात पाणी भरा, त्यात तो येते. तो लोटा आईनं मांडीवर घ्यायचा, घरी येईपर्यंत खाली ठेवायचा नाही. पोरगा तिकडं भटकून राहिला असन."

मी चहाची कपबशी त्यांच्या पुढ्यातून उचलून नेली. "लोटा नेणार नाही," म्हटलं. "समुद्र पाहायचा असन तर चाला." तशी ती सुट्टी ठरली.

पहिला फोन लावला तो पेडणेकर नावाच्या माणसाले. टीनानं स्पीकर चालू केला अन सांगितलं, गोंदियाहून बोलतो, तीन जण आहोत.

"हो हो," तो म्हणाला, "तुमचा मुलगा खोली बघून गेला ना."

टीना माझ्याकडे पाहत राहिली.

"परवा आला होता, दुपारी बाराच्या सुमाराला. आईचे गुडघे दुखतात म्हणाला. आमचा जिना बघितला आणि परत गेला."

अगा माय! मी उठून उभीच राहिली. डोमनलालच्या पाठीवर धपाधपा मारले. "पाहा! म्हणत होती का नाही? जिवंत आहे माझा पोरगा!" मी रडून राहिली होती अन हासूनही राहिली होती. टीनानं त्याचा फोटो पाठवला. पेडणेकर म्हणाला, हाच मुलगा. मग म्हणाला, "ऐन उन्हात आला, पण नखशिखांत भिजलेला. पाऊस तर कुठेच नव्हता. आणि अनवाणी होता हो."

"मग! चपला माझ्याजवळ आहेत," मी म्हटलं. "अनवाणीच राहीन ना!"

डोमनलालनं मैदानाच्या हापिसात फोन केला, तिथल्या पोलिसांत केला. कोणी त्याले पाहिलं नव्हतं. मले त्याचं काही नाही वाटलं. पोलिसांले कोण कवा सापडते?

दुसऱ्या दिवशी दुसरी खोली. एक रिटायर मास्तरीण होती. ती म्हणाली, "काल आला होता तो. आत ये म्हटलं तर उंबऱ्याबाहेरच उभा. अंगणातल्या नळाचं पाणी ओंजळीत घेतलं, चाखलं, खारट आहे म्हणाला. बरोबरच आहे, आमचं थोडं खारटच. पण मी नळ बंद केला तरी त्याच्या हातांतून पाणी गळतच होतं. बराच वेळ गळत होतं."

टीनाच्या अंगावर काटा आला, मले दिसला. डोमनलालचा चेहरा उतरला. मी म्हटलं, "पोरगा डोक्यावर पडला असन, विसरला असन. पण माझं सांगणं विसरला नाही, पाहा." अन फोनमध्ये तोंड घालून मी मास्तरणीले सांगितलं, "नाही बाई, खारट पाणी मले चालत नाही."

तवा मले एक गोष्ट उमजली. मी नाही म्हटलं की तो पुढच्या घरी जात होता.

मग मी काय केलं, सांगते. मी रोज एक खोली नाकारली. एकीच्या घरी कुत्रं होतं म्हणून. एकाचे पडदे हिरवे होते म्हणून. एकीचा आवाज आवडला नाही म्हणून. टीना रोज फोन लावे अन रोज तिकडून कोणीतरी सांगे, हो, येऊन गेला, दुपारी बारा वाजता. तेवढं ऐकलं की माझा दिवस सरे. एक म्हणाला, त्याच्या केसांत वाळू होती. एक म्हणाली, तो गेला तवापासून अंगण वाळलंच नाही. मी ऐकून घेत होती. माझ्या पोराची खबर होती ते.

"मम्मी, बस कर ना," टीना एक दिवस रडली. "मुझे डर लगता है."

"मोठ्या भावाले काऊन भ्यायचं?" मी म्हटलं. ज्याचं जळते त्यालेच कळते. माझ्या जागी तुम्ही असता तर एकदम हो म्हटलं असतं का?

दिवाळी आठ दिवसांवर आली. डोमनलाल मले म्हणाले, "दुर्गे, एकच खोली राहिली. त्या गावात आता दुसरी नाही. टीनानं सगळं पाहिलं."

ती खोली शेवंती मयेकर नावाच्या बाईची होती. आम्ही फोन लावला तवा बारा वाजायले आले होते. स्वयंपाक झाला होता, चौथं ताट वाढून ठेवलं होतं.

"वहिनी, तुम्हाला सांगते, तो मुलगा आत्ता माझ्या अंगणात उभा आहे," ती हळू आवाजात म्हणाली. "तुमचाच ना? आई पसंत म्हणाली का, एवढंच विचारतो सारखा."

टीनानं विचारलं, "मावशी, तो बरा आहे ना?"

"काय सांगू. मी त्याला म्हटलं, तीन पलंग लावते की चार? तर म्हणतो, मले पलंग नको. चूल कुठं आहे ते दाखवा. मले चुलीजवळ जागा पाहिजे."

मी चौरीकडे पाहिलं. तिच्याजवळ माझी सासू आहे, सासरा आहे, डोमनलालचा लहान भाऊ आहे. जिवंत माणूस पलंग मागते, पंखा मागते, गादी मागते. चुलीजवळची जागा कोण मागते, हे आमच्या घरी शेंबड्या पोरालेही माहीत आहे. मले कळलं. खरं सांगते, मले पहिल्या दिवशीच कळलं होतं. मी कळू दिलं नव्हतं.

"फोन देऊ का त्याला?" शेवंतीबाई म्हणाली.

द्या म्हणायले मी तोंड उघडलं. एक शब्द ऐकायचा होता. मम्मी म्हणाला असता, बस. पण मले माझा स्वभाव माहीत आहे. आवाज ऐकला असता तर मी म्हटलं असतं, ही खोली नाही आवडली बेटा, दुसऱ्या गावात पाहा. जन्मभर तेच म्हटलं असतं.

"वहिनी, त्याचे पाय बघवत नाहीत," तिकडून ती म्हणाली. "तळवे पार सोलून निघालेत. मांसात वाळू रुतली आहे. किती दिवस चालतोय हा मुलगा?"

एक वर्ष. एक वर्ष अन एक महिना, अनवाणी, त्या गावातल्या घराघरातून. मीच पाठवलं होतं. घरी असताना दुकानातून साखर आण म्हटलं तर दहादा सांगावं लागे. अन हे एक काम मात्र धरून बसला माझा बाबू.

मी फोन हातात घेतला. "बाई, तुमच्याकडे जिना आहे का?"

"आठ पायऱ्या आहेत."

"पाणी कसं आहे?"

"मचूळच आहे थोडं. गावच तसं."

"अन समुद्र?"

"दारातच आहे हो. रात्रभर आवाज येतो."

तिथं एकही गोष्ट माझ्या मनासारखी नव्हती.

"पसंत आहे," मी म्हटलं. "त्याले सांगा, मम्मीनं खोली पसंत केली. आता फिरू नको म्हणा. आम्ही येऊन राहिलो. चपला घेऊन येतो म्हणा."

ती फोन घेऊनच बाहेर गेली. मले समुद्र ऐकू आला, पहिल्यांदाच. एक कावळा ओरडत होता. मग तिचं बोलणं, मी सांगितलं तसंच, एकेक शब्द.

"बसला," ती म्हणाली. "पायरीवर बसला. पाय लांब केले. हसला हो, वहिनी." मग तिचा श्वास ऐकू आला, अन मग, "अगं बाई! इथे तर नुसतं पाणीच आहे. पायरीवर पाणी आहे नुसतं."

मी फोन टीनाजवळ दिला.

चौथ्या ताटाजवळ मी बसली. भात थंड झाला होता. पहिला घास उचलला, चुलीत निखारे होते त्यांच्यावर ठेवला, अन त्याचं पूर्ण नाव घेतलं, हिमांशू डोमनलाल तुरकर. घास चरचरला. करपल्याचा वास आला. "खाय," म्हटलं, "भूक लागली असन." मग मले जे रडायचं होतं ते मी रडली. डोमनलाल बाजूले येऊन बसले. आम्ही दोघं वर्षभरात असं बाजूबाजूले बसलो नव्हतो.

संध्याकाळी मी फळीवरचा तांब्याचा लोटा काढला अन चिंच लावून घासला. टीना दाराशी मोबाईल घेऊन बसली होती, डोळे सुजलेले.

"मम्मी, रिझर्वेशन करून राहिली. जायचे तीन. वापस यायचे किती काढू? चार?"

"तीनच काढ," मी म्हटलं. "हिमांशू माझ्या मांडीवर येईन."