नाक्याची चटणी

चातुर्मास लागला की सत्यभामाबाईच्या घरी दोन पाटे होत. एक स्वयंपाकघरातला, त्याच्या आसपास कांद्यालसणाचं सालही चालत नसे. दुसरा मागच्या अंगणात, न्हाणीच्या दगडाजवळ. त्यावर ती लसूण वाटी आणि राखेनं हात घासूनच घरात येई. श्रावणातल्या त्या बुधवारीही तिनं दोन गड्डे लसूण, मूठभर ओवा आणि वाळलेल्या मिरच्या वाटल्या, गोळा पळसाच्या पानात बांधला आणि नवऱ्याच्या पिशवीत ठेवला. नवरा उकंडराव हा किसनराव शेटच्या ट्रकवर ड्रायव्हर होता. माळकरी घर, पण उकंडरावाला मोहाची दारू लागे, आणि ती गाडी चालवतानाच लागे.

महाराष्ट्र होऊन तीन वर्षं झाली होती. दारूबंदी आपल्या बुलढाणा जिल्ह्यातही होती. कायदा चांगलाच होता हो, त्याला मी नावं ठेवत नाही. पण तो राबवायची रीत काय, तर घाटाच्या पायथ्याशी एक नाका. ट्रक थांबला की जमादार ड्रायव्हरच्या तोंडाशी नाक न्यायचा आणि म्हणायचा, ‘फुंक.’ दारूचा वास आला तर माणूस डॉक्टरकडे, लायसन जप्त. नाही आला तर वहीत नोंद आणि गाडी पुढे. त्याचे डोळे तांबारले आहेत का, पाय लटपटतात का, हे कोणी बघत नसे. सगळी दारूबंदी नाकाशी येऊन थांबली होती.

मग सत्यभामाबाईच्या गावातल्या, धामणगाव बढ्यातल्या, ड्रायव्हरांच्या बायकांनी त्या नाकावर तोड काढली. लायसन गेलं तर चूल गेली, एवढं त्यांना कळत होतं. सत्यभामाबाईची चटणी सगळ्यांत जालीम. आळीतल्या बायका वाटी घेऊन तिच्याकडे येत आणि ‘नाक्याची चटणी द्या’ म्हणून मागत. एकट्या शकूरच्या घरून कधी कोणी आलं नाही. शकूरही ड्रायव्हरच, दोन घरं सोडून राहणारा. त्याला त्या चटणीची गरजच नव्हती.

त्या दुपारी उकंडराव नाक्यावर पोचला तेव्हा त्याची बाटली अर्धी रिकामी झाली होती आणि चटणी सगळी संपली होती. भगवानराव जमादारांनी नाक पुढे केलं आणि लगेच तोंड फिरवलं.

“कायची चटणी खाल्ली बे?”

“घरची हाये साहेब. लसणाची.”

जमादारांनी वहीत लिहिलं, ‘तोंडास फक्त लसणाचा वास.’ गंमत अशी, की खुद्द जमादारांच्या घरी चातुर्मास होता. महिनाभर त्यांनीही लसूण खाल्ला नव्हता. पण माळ घातलेल्या माणसाच्या तोंडाला श्रावणात लसूण कसा, हे त्यांच्या मनात आलं नाही.

घाटाच्या तिसऱ्या वळणावर समोरून शकूरचा रिकामा ट्रक उतरत होता. त्यानं हॉर्न दिला. उकंडरावाची गाडी त्याच्या बाजूला गेली ती गेलीच. शकूर जागेवर संपला. उकंडरावाचा पाय मोडला, त्याला बुलढाण्याच्या दवाखान्यात नेलं. दोन गाड्यांच्या मध्ये फुटक्या बाटलीच्या काचा पडल्या होत्या आणि दारूचा वास येत होता. उकंडराव प्यायलेला नव्हता हे नाक्याची वहीच सांगत होती. त्याचं रक्त कोणी तपासलं नाही. मग पिलेला कोण? शकूर. मेलेल्या माणसाला फुंक म्हणता येत नाही. पंचनामा तसाच लिहिला गेला.

सत्यभामाबाई रडली नाही. तिनं झाडलोट केली, पाणी भरलं, दोघी मुलींना जेवू घातलं. शेजारच्या बायका काही विचारत, ती मान हलवी. पंधरा दिवस असेच गेले.

मग शकूरची बायको, अजीजुन्निसा, दारात येऊन उभी राहिली. तिची मुलगी बानो हिचं लग्न सोनाळ्याला ठरलेलं होतं. मुलाकडून निरोप आला होता की, दारुड्याच्या घरची पोर आम्हाला नको.

“बाई, माह्या माणसानं जिंदगीत कधी शिशीले हात लावला नाही,” अजीजुन्निसा म्हणाली. “तुमाले तर मालूम आहे ना?”

“हाव,” सत्यभामाबाई म्हणाली.  अजीजुन्निसा थोडा वेळ थांबली आणि निघून गेली.

अपघाताच्या चौकशीच्या आदल्या दिवशी किसनराव शेट आणि भगवानराव जमादार दोघेही घरी आले. जमादारांनी तिला समजावलं, “साहेब विचारतीन, उकंडराव लसूण रोज खाते का? तुमी फक्त हाव म्हणजा. बाकी आमी पाहून घेतो.” शेट म्हणाले, “दोन पोरी हायेत तुमाले. तो जेलात गेला त त्याईचं कसं होईन?” ती ऐकत राहिली. त्यांनी धरलं की बाई तयार आहे.

तालुक्याच्या गावी कचेरीत चौकशीच्या साहेबांनी नाक्याची वही उघडली. अजीजुन्निसा दाराशी बसली होती. साहेबांनी नोंद वाचली आणि सहज विचारलं, “बाई, तुमचे यजमान लसूण रोज खातात?”

“नाही,” सत्यभामाबाई म्हणाली.

जमादार चुळबुळले. साहेबांनी वर पाहिलं.

“आमच्या घरी चातुर्मास हाये साहेब. आषाढापासून कार्तिकापरेंत लसूण घरात येत नाही. तो लसूण मी त्याईच्या पोटासाठी नाही वाटला. नाक्यासाठी वाटला. दारूचा वास मरते त्यानं.”

 मग साहेबांनी विचारलं, “तुमचे यजमान पितात हे केव्हापासून माहीत होतं?”

“लग्न झालं तवापासून.”

“मग आजवर सांगितलं का नाही?”

“कोणी विचारलंच नाही. नाक्यावर साऱ्याईनं त्याईचं तोंड हुंगलं. घरी येऊन मले कोणी विचारलं नाही. आन् विचारलं असतं तरी मी खोटंच सांगतलं असतं.” मग ती म्हणाली, “माहंही नाव लिहा साहेब. शकूरभाऊले मीही मारलं.”

“लसूण वाटण्याला कलम नाही, बाई,” साहेब म्हणाले आणि त्यांनी वही मिटली.

शकूरच्या नावावरचा डाग त्या दिवशी कागदावरून पुसला गेला. सोनाळ्याचं लग्न मात्र पुन्हा जुळलं नाही. त्यांनी दुसरी मुलगी केली होती. दवाखान्यात उकंडरावाच्या खाटेशी शिपाई बसला. सत्यभामाबाई डबा घेऊन गेली तेव्हा उकंडरावानं विचारलं, “काऊन सांगतलं तू?” तिनं भाकरी कुस्करून त्याच्यापुढे ठेवली. त्यानं भिंतीकडे तोंड केलं. आळीत तिच्याशी बोलणं बंद झालं. याचं तिला वाईट वाटलं का, हे तिलाही सांगता आलं नसतं.

आणि आपण काय बदललो? आठच दिवसांनी सकाळी अन्नपूर्णाबाई, दुसऱ्या एका ड्रायव्हरची बायको, इकडेतिकडे बघत मागच्या दारानं आली. हातात रिकामी वाटी होती.

“वैनी, थोडी नाक्याची चटणी देता का? आमचे आज घाटानं जाऊन राह्यले. पहाटेपासून घेऊन बसले हायेत.”

सत्यभामाबाई पाणी भरत होती. तिनं घागर खाली ठेवली.

“गाडी कुठं हाये?”

“पारापाशी. पन तुमी कायले…”

“चाल. मी गाडीपुढं बसते. तू माह्यापाशी बस.”

“मारतीन ते मले, वैनी.”

“मारतीन,” सत्यभामाबाई म्हणाली. “शकूरभाऊ त मेला.”

ती ओल्या हातांनीच रस्त्याला लागली. अन्नपूर्णाबाई वाटी धरून दारात उभी राहिली. पाराकडून इंजिन सुरू केल्याचा आवाज आला, तशी तीही धावत निघाली.