‘तर’पाशी थांबलेली पाटी

ऐकताय का? मी पाटी बोलतेय. पत्र्याची, मुळात निळ्या रंगाची आणि जन्मापासून अपुरी.

एका कारखान्याच्या वाचनालयासाठी मला बनवलं. रंगारी अक्षरं झकास काढायचा, पण त्याला ती वाचता येत नव्हती. नमुना बघून फूल काढावं, तसा तो अक्षर काढी. वाचनालयाच्या बाईंनी तीन शब्द लिहून दिले होते. त्यांतला पहिला आणि तिसरा हुबेहूब सारखा. रंगाऱ्याला वाटलं, बाईंच्या हातून चुकून दोनदा लिहिलं गेलं. उगाच त्यांचं हसं नको. त्यानं भल्या मनानं तिसरा गाळला.

मी दारावर चढले. माझ्यावर ‘वाचाल तर’, बस्स.

जेवणाच्या सुट्टीत कामगार जमले. “तर काय, बाई? चहा पाजणार?”

“तर चष्मा लागेल,” दुसरा म्हणाला.

रंगारी ओशाळला. “तोच शब्द दोनदा होता हो, बाई.”

“पहिला डोळ्यांचा, दादा. दुसरा जिवाचा. वहिनी तापातून उठल्या तेव्हा काय म्हणालात?”

“वाचली म्हणालो.”

“तोच हा. ज्यानं कुणी हे दोन शब्द शेजारी बसवले, त्यानं गंमत म्हणून नसतील बसवले.”

“मग आत्ताच घालून देतो.”

“आत्ता नको. स्वतः वाचायला लागाल, त्या दिवशी घाला. तोवर जागा राहू दे रिकामी.”

तेव्हापासून काम सुटलं की तो माझ्याखालच्या पायरीवर बसे. बाई अक्षर दाखवत, तो पुटपुटे. मोठी माणसं शिकताना आवाज इतका बारीक का करतात, कोण जाणे. जणू चोरीच करतायत. मला मात्र त्या आवाजाचा लळा लागला.

सात-आठ महिन्यांनी तो ब्रश घेऊन आला. दाराला कुलूप होतं, त्यावर कागद. त्यानं बोट ठेवून वाचलं, “वा-च-ना-लय का-यम-चे बंद.” कुणाच्या मदतीशिवाय वाचलेलं त्याचं हे पहिलं वाक्य. शाबासकी द्यायला बाई नव्हत्या. त्यांना आदल्याच दिवशी घरी बसवलं होतं.

मुकादम आला. “बरा आलास. आत रसायनाची पिंपं ठेवायचीत. ही पाटी पुसून नवीन लिही.”

“आधीचा एक शब्द राहिलाय, साहेब.”

“आता कुणासाठी?”

रंगाऱ्यानं डब्याचं झाकण उघडलं. त्यानं माझ्यावर पांढरा रंग फिरवला. पूर्वी हेच केलं असतं तर आपण काय पुसतोय ते त्याला कळलंही नसतं. आता कळत होतं. ‘तर’पाशी हात अडला, मग तोही शब्द गेला.

नवीन मजकूर त्यानं दोनदा तपासला. “या वेळी एकही चूक नाही,” मुकादम खूश झाला.

आता माझ्यावर लाल अक्षरं आहेत, आत येण्यास सक्त मनाई असल्याची. तुम्ही वाचणारी माणसं, म्हणून तुम्हाला सांगते. रोज कितीतरी जण माझ्यासमोर येतात, मला नीट वाचतात आणि मागे फिरतात.