पाल्याचं हिरवं, पित्ताचं हिरवं

पाच दिवसांचं लेकरू कालपासून तिसऱ्यांदा ओकलं आणि दुपट्यावर पुन्हा हिरवा डाग पडला. लोसालिनेने वास घेऊन लेकीला धीर दिला, "मी पाजलेल्या पाल्याचाच रस आहे गं. पोटातली घाण निघतेय." बेटावरच्या निम्म्या लेकरांच्या जिभेवर तिनेच पाला पिळला होता. तिचा शब्द कोण मोडणार?

पण पोट टणक झालं, तेव्हा लेक तौपेआ रडतच बाळाला दवाखान्यात घेऊन गेली. मागोमाग लोसालिने.

नर्स मेलिआमेने एकच विचारलं, "आजी, रस शेवटचा कधी पाजलात?"

"पाजला की, मधे."

"वार सांगा. मला फसवाल, वरच्याला कसं फसवाल?"

लोसालिनेने बोटांवर दिवस मोजले. "गुरुवारी. त्यानंतर नुसतं दूध."

"मग हे पाल्याचं नाही, पित्त आहे. आतडं पिळलं असणार. त्याचा रक्तपुरवठा तुटला तर ते काळं पडून मरेल. आजच ऑपरेशन हवं." मेलिआमेने नाकातून बारीक नळी घालून पोट मोकळं केलं, सलाईन लावलं. "तोंडात थेंबही नको. दूध नाही, पाला तर नाहीच."

ऑपरेशन मोठ्या बेटावर, आणि आज रविवार. रविवार देवाचा, त्या दिवशी होडीला हात लावायचा नाही, हे लोसालिनेच साऱ्यांना बजावत आलेली.

ती तशीच चर्चमध्ये शिरली. भजन रंगात होतं. भाऊ मोसेसे खर्जात गाणाऱ्यांच्या बाकावर.

"अक्का, देवाच्या घरी कमरेला मानाची चटई न बांधता आलीस?" तो पुटपुटला.

"घरी राहिली. तुझी अक्कलही तिथेच असेल, नंतर आणते. होडी काढ."

"आज रविवार आहे."

"पाप माझ्या नावावर. चुकले मी, मोसेसे. लेकरू पित्त ओकतंय नि मी पाला पाला करत बसले." हे ती साऱ्या मंडळींसमोर बोलली. भजन थांबलं. बहिणीचा शब्द भावाने मोडायचा नसतो ही बेटाची रीत; मोसेसे उठला.

मेलिआमेही होडीत आली. भर समुद्रात बाळ भुकेने किंचाळत होतं. तौपेआची चोळी दुधाने भिजली, तरी तिने हात आवरले. लोसालिने देवाचं नाव घेत होती. मग किंचाळणं थांबलं.

"झोपलं का गं?" तौपेआने विचारलं.

मेलिआमे बाळावर वाकली. ती नाडी शोधत होती.

लोसालिनेने जन्मभर लेकरं गप्प केली होती. आता तिने पायाच्या त्या इवल्या तळव्यावर टिचकी मारली. "रड, राजा. रड रे, जागा राहा."

दुसरी टिचकी. तिसरीला कसाबसा एक हुंकार आला. किनारा अजून दिसत नव्हता. तिने पुन्हा बोट उचललं.