सहा भोकांचा पट्टा

मी एक जुना कमरपट्टा आहे. कातड्याचा, चार बोटं रुंद, पितळी बकलाचा. आज माझ्यावर बिल्ला नाही, पण एके काळी होता. 'तहसील कचेरी, जालना' अशी अक्षरं त्याच्यावर कोरलेली होती. ती अक्षरं वाचून लोक वाट सोडायचे. तेव्हा मित्रांनो, मला साधासुधा पट्टा समजू नका. निदान गोष्ट संपेपर्यंत तरी समजू नका.

माझा जन्म हैदराबाद संस्थान खालसा झालं त्या सालच्या हिवाळ्यातला. कचेरीतल्या सगळ्या शिपायांचे जुने बिल्ले काढून घेतले गेले आणि नव्या पट्ट्यांचं काम जुन्या जालन्यातल्या रामकिसनला मिळालं. रामकिसन मोची मोठा नेकीचा माणूस. बैलाचं कातडं त्याने बाभळीच्या सालीत मुरवलं, तेल पाजलं, रापीने कडा सारख्या केल्या आणि आरीने मला तीन भोकं पाडली. तीनच. चौथं कशाला लागतंय, असं तो म्हणाला होता. शिपायाचं पोट वाढतं, कमी होत नाही, हा त्याचा इतक्या वर्षांचा अनुभव होता.

मी ज्याच्या कमरेला आलो त्याचं नाव पुंजाराम. मूळचा भोकरदनकडच्या धावड्याचा. कचेरीच्या दफ्तरखान्यात तो दफ्तरी होता. म्हणजे जमिनीची, वारसांची, भांडणांची सगळी जुनी कागदपत्रं लाल कापडाच्या बस्त्यांत बांधून ठेवायची आणि साहेबांनी मागितला तो बस्ता जिना चढून वर नेऊन द्यायचा. धडधाकट गडी होता. मी त्याला पहिल्याच भोकात बसलो आणि तेही जरा ताणून. दोन बस्ते डोक्यावर, एक काखेत, अशा थाटात तो अठरा पायऱ्या चढायचा. कुठल्या सालचा कागद कुठल्या बस्त्यात आहे हे त्याला तोंडपाठ होतं. साहेब बदलून जात, जाताना पुंजारामची तारीफ करून जात. ती तारीफ मी माझीही समजायचो, कारण त्याला ताठ उभं ठेवण्याचं काम माझं होतं.

मला ताठपणाचा फार अभिमान होता. वाकलेला शिपाई मला बघवत नसे.

दफ्तरखान्यात एकच खिडकी होती, तीही उघडायची नाही, कागद उडतात म्हणून. बस्ता सोडला की पन्नास वर्षांची धूळ वर यायची. पुंजाराम ती धूळ गिळत राहिला. आधी सकाळी खोकला, मग दुपारीही. पण आमच्या कचेरीचा एक रिवाज होता. कुणी लिहून ठेवलेला नव्हता, तरी सगळे पाळायचे. साहेबासमोर खोकायचं नाही. दाराशी थांबायचं, खोकला गिळायचा आणि मगच आत जायचं. साहेबांनी 'कसं काय?' विचारलं, तर उत्तर एकच, आपल्या कृपेनं बरं आहे. पुंजाराम या रिवाजात इतका तयार झाला की त्याचा खोकला वर कुणाला ठाऊकच नव्हता. मला ठाऊक होता. दाबलेला प्रत्येक खोकला माझ्यावर येऊन आदळायचा, आणि मी त्याला आणखी आवळून धरायचो. शाबास रे मी.

मग तो माझ्या दुसऱ्या भोकावर आला, वर्षभराने तिसऱ्यावर. एके दिवशी रामकिसनकडे जाऊन त्याने चौथं पाडून घेतलं. रामकिसनने मला हातात फिरवून पाहिलं, पुंजारामच्या तोंडाकडे पाहिलं आणि तब्येत दाखवून घ्या म्हणाला. झालं, पुंजाराम पुन्हा त्याच्याकडे गेला नाही. पाचवं भोक त्याने स्वतःच पाडलं, दफ्तरखान्यात, बस्ते शिवायच्या दाभणाने. वाकडं पडलं ते. मला दुखलं आणि रागही आला. इतकं देखणं कातडं आणि त्याला हे असं भोक.

छप्पन साली उन्हाळ्यात तो जिन्याच्या नवव्या पायरीवर बसला. बसला तो उठेचना. तेव्हा कुठे सगळ्यांना कळलं.

कचेरीतले अव्वल कारकून भालचंद्रराव भला माणूस. त्यांनी पुंजारामला कायदा समजावून सांगितला. औरंगाबादच्या मोठ्या डॉक्टरांनी तपासून 'काम करण्यास कायमचा असमर्थ' असं लिहून दिलं, तर जन्मभर आजाराचा वजीफा मिळेल. नव्या कागदांत त्याला पेन्शन म्हणत, पण आमच्याकडे सगळे वजीफाच म्हणायचे. डॉक्टरांनी लिहून दिलं नाही, तर कामावर हजर व्हायचं. हजर होता आलं नाही, तर नाव कमी होणार, आणि नावाबरोबर चोवीस वर्षांच्या चाकरीचा वजीफाही जाणार. घरी बायको गोजरबाई आणि तो, दोघंच. मुलगी तारा लग्न होऊन सासरी गेलेली. सगळं त्या एका कागदावर होतं.

आता ऐका, पुंजारामने काय केलं. तपासणीला बोलावलं म्हणजे सरकारी हजेरी, असं धरून त्याने कोट धुऊन घेतला, पागोटं नीट बांधलं, माझा बिल्ला चिंचेने घासून लखलखीत केला आणि मला पाचव्या भोकात आवळलं. दवाखान्यात पंचवीस-तीस माणसं रांगेत होती. कुणी कण्हत होतं, कुणी भिंतीला टेकलं होतं. आमचा पुंजाराम मात्र ताठ. त्याची पाळी आल्यावर तो दाराशी थांबला, सवयीप्रमाणे खोकला गिळला आणि आत गेला. डॉक्टरांनी मान वर न करता विचारलं, कसं आहे? आणि हा म्हणाला, आपल्या कृपेनं बरं आहे.

डॉक्टरांनी कोटावरूनच नळी लावली. पुंजारामने श्वास रोखून धरला. मीही धरला. मिनिटभरात कागदावर लिहिलं गेलं, 'कामास योग्य'.

मित्रांनो, त्या दिवशी परतीच्या गाडीत बदनापूर येईपर्यंत तो खोकत होता. दिवसभराचा गिळलेला खोकला होता तो. मला तेव्हा पहिल्यांदा स्वतःची लाज वाटली. एका आजारी माणसाला मी धडधाकट करून दाखवलं होतं. खोटं तो बोलला नव्हता, अदबीने बोलला होता. पण डॉक्टरांच्या डोळ्यांसमोरचं खोटं मी होतो.

कागदाप्रमाणे तो कामावर हजर झाला. त्याच साली आमचा मुलूख मुंबई राज्यात गेला आणि दफ्तरखान्यातले सगळे बस्ते नव्याने लावायचा हुकूम आला. ते काम संपेपर्यंत दाभणाने माझं सहावं भोक पडलं होतं. पौषात त्याने अंथरूणच धरलं. शिल्लक रजा संपत आली.

भालचंद्रराव घरी आले. तपासणीच्या वेळी नेमकं काय झालं ते त्यांनी खोदून खोदून विचारलं, आणि पुंजारामने सांगितलं तेव्हा कपाळाला हात लावून बसले.

"अरे, डॉक्टर साहेब नव्हे," ते म्हणाले. "त्यांच्यासमोर बरं असायचं नसतं."

"सरकारी माणूस म्हणल्यावर साहेबच की, रावसाहेब. त्याच्यासमोर रडगाणं कसं गावं?"

फेरतपासणीचा अर्ज भालचंद्ररावांनी स्वतःच्या हाताने लिहिला. हा शेवटचा, पुन्हा मिळणार नाही, असं बजावलं. कोट-पट्टा घालून जाऊ नकोस, हेही सांगितलं. पुंजारामने मान डोलावली, आणि त्या सकाळी पुन्हा कोट घातला, मला बांधलं. गोजरबाई बोलून थकली. सरकारी कामाला उघडं कसं जावं, एवढंच तो म्हणाला. या वेळी गोजरबाई सोबत आली, कारण कुंडलिका नदीचा पूल ओलांडून स्टेशनापर्यंत त्याला एकट्याला चालवत नव्हतं.

तेच डॉक्टर, तीच खोली. रांग मात्र लहान होती. दाराशी पुंजाराम थांबला. त्याने खोकला गिळला तशी माझ्या कातड्यात धडकी भरली. आता पुन्हा तेच होणार, असं मला वाटलं. डॉक्टरांनी विचारलं, कसं आहे? आणि त्याच्या तोंडून सुरू झालं, आपल्या कृपेनं... गोजरबाईने डोळे मिटून घेतले.

पण डॉक्टरांना आज सवड होती. ते म्हणाले, कोट काढा, पट्टा काढा. पुंजारामने मला सोडून टेबलावर ठेवलं, नीट सरळ, बिल्ला वर करून. मी तिथे पडलो आणि आयुष्यात पहिल्यांदा मला कुणीतरी बिल्ल्यासाठी नव्हे, माझ्यासाठी न्याहाळलं. डॉक्टरांचं बोट माझ्या पहिल्या भोकावर आलं. मग सरकत सरकत सहाव्यापर्यंत गेलं.

"ही भोकं कुणी पाडली?"

पुंजाराम घाबरला. सरकारी वस्तूची नासधूस केल्याचा जाब विचारतायत, असं त्याला वाटलं. स्वतःबद्दल त्याला एक शब्द बोलता येत नव्हता. पण सरकारी वस्तूचा हिशोब विचारला, तर दफ्तरी माणूस चुकेल कसा? तो ताठ उभा राहून बस्त्यातला कागद वाचावा तसा मला वाचू लागला.

"पहिली तीन मोच्याची हायत, साहेब. पहिलं पट्टा मिळाला तवाचं. दुसऱ्यावर आलो ते पहिल्या इलेक्शनच्या साली, याद्यांचे बस्ते वाहून राह्यलो होतो, तवा दम लागाया लागला. तिसरं त्याच्या पुढच्या जमाबंदीला. जिना दोन दमात चढायचो. चौथं पोरीच्या लग्नात. तवापासून भाकर उतरना. डबा बस्त्याच्या मागं ठेवायचो अन् सांजच्याला कुत्र्याला घालायचो. पाचवं म्याच पाडलं, दाभणानं. रातचं बसूनच झोपायचो त्या टायमाला."

डॉक्टरांनी सहाव्यावर बोट ठेवलं.

"अन् हे?"

"हे आपण 'कामास योग्य' लिहून दिल्यानंतरचं, साहेब."

त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. हिशोब विचारला आणि त्याने तो बराबर दिला, इतकंच. डॉक्टरांनी जुना कागद फायलीतून काढला. खाली त्यांचीच सही होती. तो कागद त्यांनी उलटा करून बाजूला ठेवला. मग उठून पुंजारामच्या जवळ आले आणि त्याच्या उघड्या पाठीवर हात ठेवला.

"पुंजाराम, आता खोका," ते म्हणाले. "दाबू नका. मला ऐकायचंय."

मित्रांनो, तो किती वेळ खोकला ते मी सांगत नाही. मी टेबलावर होतो. त्याला आवळून धरायला कुणी नव्हतं. डॉक्टर नळी लावून पाठीच्या एकेका जागेवर ऐकत होते, आणि गोजरबाई भिंतीला टेकून तोंडात पदराचा बोळा धरून उभी होती. मग डॉक्टरांनी कागद लिहिला, या वेळी सावकाश.

परतीच्या गाडीत गोजरबाई खिडकीशी बसली. मी तिच्या मांडीवर होतो, गुंडाळलेला. बदनापूर गेल्यावर ती म्हणाली, "भाकर न्हाई उतरत एवढं मला सांगितलं असतं, तर पातळ कण्या शिजवून दिल्या असत्या. अन् भोकबी म्याच पाडलं असतं, सरळ. दाभण घरातबी होतं."

पुंजारामने तिच्याकडे पाहिलं आणि तो हसला. हसता हसता खोकला, पण दाबला नाही.

वजीफा मंजूर झाला, आणि मग कचेरीतल्या वस्तू परत करायची वेळ आली. कोट, पागोटं, पट्टा. नव्या दफ्तऱ्याला मला देता येतं का, हे भालचंद्ररावांनी ताणून पाहिलं. सहा भोकं, त्यातली दोन वाकडी, मधलं कातडं फाटत आलेलं. त्यांनी माझ्या नावापुढे 'निकामी' लिहिलं, बिल्ला उपसून घेतला आणि उरलेल्या मला पुंजारामच्या हातात दिलं. एकाच महिन्यात आम्ही दोघंही निकामी ठरलो. खोटं कशाला सांगू, बिल्ला गेला तेव्हा मी हिरमुसलो. पण पुंजारामने मला खांद्यावर टाकून गावाकडे नेलं, आणि धावड्याच्या घरात खुंटीवर मला जागा दिली.

तिथे बस्ते नव्हते, धूळ होती ती शेताची. गोजरबाईच्या कण्या होत्या, डॉक्टरांचं औषध होतं, आणि दर महिन्याला वजीफा होता. खुंटीवरून मी बघत असे. दम लागला की तो थांबायचा. नुसता थांबायचा, कुणाची परवानगी न घेता. एवढं साधं सुख या माणसाला चोवीस वर्षं मिळालं नव्हतं, आणि त्यात माझाही हात होता.

म्हणून मित्रांनो, तुमच्याजवळ एक मागणं आहे. जो ताठ उभा आहे तो बराच असेल, असं धरून चालू नका. त्याचा पट्टा बघा, डबा बघा, जिन्यावर तो कुठे थांबतो ते बघा. आणि तुमची तब्येत विचारायला बसलेल्या माणसाला कृपा-बिपा सांगू नका, दुखतंय तिथे बोट ठेवून दाखवा. आमच्यासारखे पट्टे तुम्हाला उभं धरतील. पण आमचं फार ऐकू नका, आम्हाला ताठपणाशिवाय काही कळत नाही.

साठ साली ताराच्या मुलीचं बारसं जालन्यात होतं. पुंजारामने मला खुंटीवरून काढलं, तेल लावलं, सदऱ्यावर बांधायला घेतलं. बांधून देत होती गोजरबाई. सहाव्या भोकात बक्कल घालता घालता ती थांबली, पुन्हा ओढून पाहिलं, आणि गालातल्या गालात हसत पाचव्यावर आली. बारशाला भालचंद्ररावही आले होते. त्यांना बघून पुंजाराम सवयीने ताठ झाला. त्यांनी विचारलं, "काय पुंजाराम, कसा आहेस?"

"आपल्या कृपेनं..." तो म्हणाला, आणि थांबला. "चढावर दम लागतो, रावसाहेब. सपाटीवर बरा हाय."

मग तोंडावर उपरणं धरून तो त्यांच्या देखत पोटभर खोकला. मी त्याच्या कमरेभोवती सैल होतो, आणि मी त्याला अडवलं नाही.